लॉयल शब्दाचं गाव

आमच्या दुकानात ‘लॉयल’ हा शब्द मुलाखत दिल्याशिवाय मिळत नाही. बाकीचे सगळे मिळतात. ‘ऑनेस्ट’ दहा मिनिटांत मिळतो, ‘हार्डवर्किंग’ मिळतो, ‘सिन्सिअर’ तर मी छापून तयारच ठेवतो. निवडणुकीच्या दिवसांत ‘ग्रेट’ मागायच्या आधी मिळतो. पण शिल्डवर, फ्लेक्सवर किंवा मानपत्रात कोणाला ‘लॉयल’ हवा असेल, तर त्याला कोपऱ्यातल्या स्टुलासमोर उभं राहावं लागतं. त्या स्टुलावर सोमकुवर माट्साब बसलेले असतात.

माझं दुकान मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या बसस्टँडसमोर आहे. टायपिंग, झेरॉक्स, फ्लेक्स, शिल्ड. माट्साब म्हणजे मास्टरसाहेब. आमच्याकडे घरात मराठी आणि सरकारात हिंदी, त्यामुळे हा शब्द दोन्हीकडून झिजून एवढाच उरला आहे. जवळच्या एका खेड्यातल्या सरकारी शाळेत त्यांनी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मीही त्यांच्या हाताखालून गेलो. रिटायर होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, पण सकाळी दहाला कुठंतरी हजर राहायची सवय गेली नाही. ती सवय माझ्या दुकानात येऊन बसते. चहाशिवाय काही घेत नाहीत आणि दुसऱ्याच्या इंग्रजीतली चूक काही केल्या सोडत नाहीत.

आमच्या भागात नवा माणूस भेटला की आधी त्याचं गाव विचारतात, मग आडनाव, मग जमलंच तर तब्येत. माट्साब शब्दालाही तेच विचारतात. “याचं गाव कोणतं?” हे त्यांचं वाक्य मी आठवीत ऐकलं, आणि आज मला स्वतःची दोन मुलं असतानाही रोज ऐकतो. गाव कळल्याशिवाय ते शब्दाला घरात घेत नाहीत.

हे गाव त्यांना सांगते ती त्यांची डिक्शनरी. जाड, पिवळी, नागपूरच्या फुटपाथवरून आणलेली. पुठ्ठा नाही, म्हणून शाळेतल्या फाटक्या नकाशाचं कापड तिच्यावर शिवलं आहे. समोरून पाहिली तर अर्धा आफ्रिका दिसतो. या डिक्शनरीत पहिल्या अक्षराची पानंच नाहीत. ती सुरू होते तीच ‘बी’च्या मधून. त्यामुळे ‘ए’पासून सुरू होणाऱ्या कोणत्याही शब्दावर माट्साबांचा विश्वास नाही. मोबाइलमध्ये पाहू म्हटलं तर म्हणतात, मोबाइलला कोणी पण काही पण सांगून राहिलं. एकदा एका जोडप्याच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. ‘अ‍ॅनिव्हर्सरी’ला माट्साबांनी मंजुरी दिली नाही, आणि मी घाईत होतो. फ्लेक्सवर ‘हॅपी ट्वेंटी-फिफ्थ मॅरेज’ छापून गेलं. पाहुणे नवरदेवाकडे वेगळ्याच नजरेनं बघत जेवले.

‘लॉयल’ मात्र डिक्शनरीत शाबूत आहे, आणि त्याच्यावर माट्साबांचा फार जीव. त्याची कुळकथा ते गिऱ्हाइकाला उभं करून ऐकवतात. ती अशी. लॅटिन नावाच्या गावात ‘लेक्स’ म्हणजे कायदा राहत होता. त्याच्या घरात ‘लेगालिस’ जन्मला, म्हणजे कायद्यानं चालणारा. त्याची पोरं इंग्रजीत आली. एक सरळ रस्त्यानं आला, तो ‘लीगल’, कोर्टात लागला. दुसरा फ्रान्समध्ये बरेच दिवस राहून आला, तिथल्या हवापाण्यानं त्याचा चेहरा बदलला, तो ‘लॉयल’. तिसरा ‘लील’, तो स्कॉटलंडमध्ये शेती करत राहिला, त्याला कोणी विचारत नाही. “भाऊ भाऊ आहेत ते,” माट्साब म्हणत. “एक सही पाहते, दुसरा शब्द पाहते. पण माय एकच. जो कायद्यात नाही, तो लॉयल नाही.”

गिऱ्हाईक म्हणे, शनिवारी कार्यक्रम आहे.

एका कार्यकर्त्याला इथले पुढारी भैयाजी यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर स्वतःच्या फोटोखाली ‘लॉयल कार्यकर्ता’ हवं होतं. माट्साबांनी विचारलं, आजपर्यंत पार्ट्या किती बदलल्या. तीन, तो म्हणाला, पण तिन्ही वेळा भैयाजींच्या सोबतच बदलल्या, एक दिवस मागेपुढे नाही. माट्साबांनी डोळे मिटून विचार केला आणि ‘लॉयल’ नामंजूर केला. ‘फॉलोअर’ देतो म्हणाले. ते मोबाइलमध्ये असते, असं म्हणून पोरगा रुसला. शेवटी माट्साबांनी त्याला ‘पर्मनंट कार्यकर्ता’ दिलं. इतका खुश झालेला माणूस मी दुकानात पाहिला नाही. आमच्याकडे पर्मनंट होण्यापुढे माणसाला काय पाहिजे असतं? पुढच्या महिन्यात आणखी चार जण पर्मनंट व्हायला आले.

संत्र्याच्या एका व्यापाऱ्याला बगिच्याच्या फाटकावर कुत्र्याचा फोटो आणि खाली ‘लॉयल’ लिहायचं होतं. माट्साब म्हणाले, कुत्र्याला कायदा माहीत नसतो, त्याला ‘फेथफुल’ लाव. व्यापारी म्हणाला, चोरालाही माहीत नसतो, मग काय फरक पडते. तरी फेथफुलच लागलं.

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा माझ्या दुकानाला दिवाळी आली. सौंसर तालुका छिंदवाड्यातून निघून पांढुर्ण्यात गेला, आणि बोर्ड, शिक्के, लेटरहेड सगळं बदलायला लोकांची रांग लागली. काही जुनी माणसं हळहळत होती. इतकी वर्षं छिंदवाड्याचे म्हणून जगलो, आता एका कागदानं पांढुर्ण्याचे. माझा अंदाज होता की माट्साबही हळहळतील. पण ते दुसऱ्याच दिवशी आपल्या पत्त्याचा शिक्का घेऊन आले. कायदा बदलला, म्हणून आपणही बदललो, आणि यालाच लॉयल म्हणतात, असं त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना समजावलं. रांग पुढे सरकली नाही ते सोडा.

हा शब्द त्यांनी काकूंनाही दिला नाही. काकू म्हणजे माट्साबांच्या मिसेस. त्यांच्या घरी चहाला गेलो की त्या हमखास विषय काढतात. “चाळीस वर्सं झाले लग्नाले, मले अजून नाही भेटला तो शब्द.” कारण काय, तर लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी काकूंनी पांढुर्णा ते आमला असा रेल्वेचा प्रवास बिनातिकीट केला होता. तिकीट माट्साबांच्या खिशात होतं आणि माट्साब गर्दीत दुसऱ्या डब्यात चढले होते. हे सगळं माट्साबांना मान्य आहे. पण तिकीट खिशात कोणाच्या होतं हा प्रश्न वेगळा, आणि डब्यात बिनातिकीट कोण होतं हा वेगळा, असं त्यांचं म्हणणं.

याच घरात कपाटावर एक शिल्ड आहे. ते मीच केलेलं, दुकानाची पहिली ऑर्डर. माट्साबांच्या बिदाईला शाळेनं दिलेलं. तेव्हा ते माझ्या दुकानात बसत नव्हते, त्यामुळे कोणाची मुलाखत झाली नाही आणि पितळी पट्टीवर त्यांच्या नावाखाली ‘फॉर लॉयल सर्व्हिस’ बिनधास्त कोरलं गेलं. ते शिल्ड नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून उभं होतं. काकू पुसताना सरळ करायच्या, संध्याकाळपर्यंत ते पुन्हा फिरलेलं असायचं. काचेवर उजेड चमकते म्हणून, माट्साब सांगत. आणि चौतीस वर्षांत माट्साब बिनाअर्ज एक दिवस घरी राहिले नाहीत, असं कोणी कौतुकानं म्हटलं, की ते चष्मा पुसायला घेत. मला वाटायचं, लाजतात.

तर मागच्या थंडीत त्या शाळेच्या हेडमास्तरीण मॅडम दुकानात आल्या. नवीन बदलून आलेल्या, जबलपूरकडच्या. शाळेचा चपराशी दौलत शनिवारी रिटायर होत होता. त्याच्यासाठी शिल्ड हवं, आणि त्याच्यावर ‘सिन्सिअर, हार्डवर्किंग अँड लॉयल’ हवं. मी सवयीनं स्टुलाकडे पाहिलं. आता गाव निघणार, लेक्स निघणार, मॅडमना उशीर होणार. माट्साबांनी मॅडमकडे पाहिलंच नाही. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा पुसला, आणि आफ्रिका पिशवीत घालून उठले. “मी पाहतो,” एवढंच म्हणाले. अर्धा चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले, स्टूल रिकामं. तिसऱ्या दिवशीही रिकामं. गिऱ्हाइकांना ‘लॉयल’ बिनामुलाखत मिळू लागला, तरी दोघा-तिघांनी आपणहून विचारलं की माट्साब कुठे आहेत. मला करमेना, हे मी कबूल करतो.

त्याच दिवशी दुपारी दौलतभाऊ स्वतः पेन्शनच्या कागदांचे झेरॉक्स काढायला आले. बारीक माणूस, डोक्यावर टोपी, प्रत्येक कागद दोन्ही हातांनी देणारा. शाळेत घंटा त्यांचीच असायची. आम्हा पोरांना ते आठवतात ते मात्र नंतरचे, कारण मधली सहा वर्षं ते शाळेत नव्हतेच. त्यांची बदली चिंचढान्याला झाली होती. चिंचढाना म्हणजे घाटापलीकडचं गाव, दिवसातून एक बस, आणि थंडीत पाण्यात हात घालवत नाही असं. मुलगी तेव्हा पहिलीत होती. दौलतभाऊ शनिवारी रात्री घरी यायचे आणि सोमवारी पहाटे निघायचे.

झेरॉक्स होता होता मी सहज विचारलं की एवढ्या दूर बदली झाली कशानं. त्यांनी लाजून सांगितलं की चूक त्यांचीच होती. अचानक तपासणीचे साहेब आले, माट्साब शाळेत नव्हते. माट्साबांनी सुट्टीचा अर्ज त्यांच्याकडे दिला होता, तो ऑफिसात द्यायचा राहिला. “अर्ज माह्याच खिशात होता. द्याचा इसरलो. साहेब भडकले, मंग काय. माट्साबची काही गलती नाही त्याच्यात.” मग जाता जाता मागे वळून म्हणाले की शिल्डवर इंग्रजी जास्त नको. “माट्साबले तरास नोको देऊ. मले तसंही वाचता येत नाही.”

संध्याकाळी मी माट्साबांच्या घरी गेलो. ते जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर डिक्शनरी उघडी, आणि शिल्ड कपाटावरून खाली, पहिल्यांदाच तोंड आमच्याकडे करून. दौलतभाऊ येऊन गेले, मी म्हणालो, आणि त्यांनी सांगितलेलं सांगितलं. खिसा, अर्ज, विसरणं. माट्साबांनी सगळं ऐकून घेतलं.

“अजूनही तेच सांगून राहिला?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

“अर्ज नव्हता, प्रमोद. मी देल्लाच नव्हता.”

मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. नागपूरच्या फुटपाथवरच्या एका पुस्तकवाल्यानं त्यांच्यासाठी एक जुनी डिक्शनरी बाजूला ठेवली होती. आज नाही आलात तर देऊन टाकतो, असा निरोप आला. माट्साब सकाळच्या बसनं गेले. दुपारी परत येऊ, कोण पाहते. दुपारी परत आले तेव्हा साहेब येऊन गेले होते, आणि दौलतनं आपल्या मनानं गोष्ट रचली होती, की अर्ज घरी राहिलेल्या शर्टाच्या खिशात आहे. साहेब म्हणाले होते, उद्या तो अर्ज दाखवा. माट्साबांनी त्या रात्री आदल्या तारखेचा अर्ज लिहिला. इंग्रजीत, एकही चूक नसलेला. दौलतनं तो खिशात घालून चुरगाळला, जुना दिसावा म्हणून, आणि सकाळी साहेबांना नेऊन दिला. माट्साबांचं रेकॉर्ड साफ राहिलं. दौलत चिंचढान्याला गेला. दोन-चार महिन्यांत आपण साहेबांना खरं सांगू, असं माट्साब स्वतःला सांगत राहिले. सहा वर्षं झाली, दौलत परत आला, मग सांगायचं काय.

“हे तेच पुस्तक,” ते डिक्शनरीवर हात ठेवून म्हणाले. “आणलं त्याच रात्री पहिला शब्द हाच पाह्यला. मले वाटलं होतं दौलतले सांगीन, तू काय आहे ते. तर पुस्तक म्हणते, जो कायद्यात नाही तो लॉयल नाही. दौलत साहेबासमोर खोटं बोलला. मी कागदावर एकदम बरोबर. म्हणजे लॉयल मी.” त्यांनी शिल्डकडे बोट केलं. “हे पाय, लिहून पण आहे.”

म्हणजे इतकी वर्षं त्या स्टुलावर जी मुलाखत चालली होती ती गिऱ्हाइकांची नव्हतीच. मला त्यांचा राग यायला हवा होता. दौलतभाऊंची मुलगी आठवली तेव्हा थोडा आलाही. पण समोर बसलेला माणूस फार थकलेला दिसत होता. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं. त्या आत जाऊन चहा ठेवायला लागल्या.

माट्साबांनी शिल्ड माझ्याकडे सरकवलं. त्यावरचं त्यांचं नाव काढून दौलतचं टाकायचं, आणि शब्द तसाच ठेवायचा, एवढं काम होतं. मी म्हणालो, नवीन करून देतो, चांगलं चमकदार. ते नाही म्हणाले. हेच पाहिजे.

शनिवारी शाळेच्या पटांगणात मंडप होता. आलुबोंडे, चिवडा, पेढे. दौलतभाऊ नवीन पांढऱ्या शर्टात खुर्चीच्या अगदी टोकावर बसले होते, कोणी हाक मारली तर पटकन उठता यावं म्हणून. बाजूला त्यांची मुलगी. ती आता पांढुर्ण्याला नर्स आहे. भाषणं झाली, सगळ्यांनी घंटेचा उल्लेख केला. शेवटी माट्साब उठले. लोक आरामात बसले, कारण आता शब्दांची गावं निघणार हे सगळ्यांना माहीत होतं.

माट्साबांनी माइक धरला. ते म्हणाले, बावीस वर्षांपूर्वी या शाळेत तपासणी झाली, त्या दिवशी मी बिनाअर्ज गैरहजर होतो. शिक्षा दौलतनं भोगली. अर्ज नव्हता.

मॅडमनी शालीला लावलेला हात तसाच ठेवला.

दौलतभाऊ उठून उभे राहिले. “होता ना, माट्साब,” ते शांतपणे म्हणाले. “माह्या खिशात होता. तुमी इसरले असान आता, वय झालं.”

माट्साब पुन्हा म्हणाले, नव्हता. दौलतभाऊ पुन्हा म्हणाले, होता. आणि मग लोक हसायला लागले. प्रेमानंच हसले. म्हातारपण आहे, एखादी गोष्ट इकडची तिकडे होते, माझ्या शेजारचा गृहस्थ मला म्हणाला, पण मन किती मोठं बघा, चपराशाची चूक आपल्या अंगावर घेऊन राहिले. टाळ्या पडल्या. माट्साब माइक धरून उभेच होते. आयुष्यात एकदा खरं बोलायला उठले, आणि त्यांचीच पुन्हा स्तुती झाली. मंडपात काकू धरून चौघांनाच खरं माहीत होतं, आणि त्यातले एक जण ते मानायला तयार नव्हते.

शाल झाली, श्रीफळ झालं. शिल्ड माट्साबांच्या हातून द्यायचं होतं. दौलतभाऊंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, जसा कागद घेतात तसं, आणि पितळी पट्टीवर बोट फिरवलं. आपलं नाव त्यांना आकारावरून ओळखता आलं. खालच्या ओळीवर बोट थांबलं.

“हे काय लिवलं आहे?”

“लॉयल,” माट्साब म्हणाले.

दौलतभाऊंनी बदलीआधी आणि परत आल्यावरही वर्गाच्या दाराबाहेर बसून माट्साबांचा प्रत्येक तास ऐकला होता. त्यांनी हसून विचारलं, “याचं गाव कोणतं, माट्साब?”

मी अगदी जवळ उभा होतो. मला वाटलं आता लॅटिन येणार, फ्रान्स येणार, भाऊ भाऊ येणार. माट्साबांच्या पिशवीत डिक्शनरी होती, पण त्यांनी पिशवीला हात लावला नाही.

“चिंचढाना,” ते म्हणाले.

दौलतभाऊंनी खांद्यावरची शाल काढली आणि माट्साबांच्या अंगावर नीट घातली.

“हाव,” ते म्हणाले. “लय थंडी राहते तथी.”